चौघांचे साहस : ‘रॉकेट पॉवर’ या चित्रमालिकेच्या परिचयार्थ प्रस्तावना

१९९९ सालच्या जून महिन्याच्या २७ तारखेस सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या ‘एक्स गेम्स’ या क्रीडामहोत्सवात टोनी हॉक या स्केटबोर्डपटूने उतरंडीच्या, म्हणजे रॅम्पच्या, काठावरून हवेत झेप घेतली, अडीच गिरक्या पुऱ्या केल्या आणि चार चाकांच्या आपल्या फळीवर तो पुन्हा उभाच्या उभा उतरला. ही करामत तोवर कोणाही स्पर्धकाला साधलेली नव्हती, आणि हॉकलाही ती त्या दिवशी पहिल्या झेपेत साधली नाही. तो पडला, उठला, पुन्हा काठावर चढला, पुन्हा पडला; स्पर्धेची नेमून दिलेली मुदत संपून गेली तरी कोणी त्याला थांबवले नाही; आणि विशेष हे की, ज्यांच्याशी त्याची चढाओढ होती तेच खेळाडू काठावर गोळा होऊन त्याला हुरूप देत राहिले. या प्रसंगानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, १६ ऑगस्ट १९९९ रोजी, निकेलोडियन या अमेरिकन वाहिनीवर ‘रॉकेट पॉवर’ ही मुलांसाठी काढलेली चित्रमालिका सुरू झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, कारण चित्रमालिकेची सिद्धता पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून चाललेली असते. तथापि, वारंवार पडणारा एक आणि त्याचे पडणे आपले मानून त्याच्याभोवती उभे राहिलेले अनेक, हे जे दृश्य त्या उतरंडीवर दिसले, तेच या मालिकेचे बीज आहे. साहस ही एकट्याची मिळकत नव्हे, ती एका छोट्या समाजाची सामाईक निर्मिती आहे, असे ही मालिका कोठेही उपदेशाचा सूर न लावता सांगते, आणि तेवढ्याच एका कारणासाठी ती मला जाणत्या वाचकांच्या विचारास योग्य वाटते.

मालिकेचे कथासूत्र थोडक्यात सांगता येईल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ओशन शोअर्स या काल्पनिक गावात ऑटो रॉकेट, त्याची थोरली बहीण रेजिना ऊर्फ रेजी, त्यांचा मित्र मॉरिस रॉड्रिगेझ ऊर्फ ट्विस्टर, आणि कॅन्सस प्रांतातून नव्याने राहावयास आलेला सॅम डलार्ड, अशी चार मुले राहतात. लाटा चांगल्या असल्या की ती सर्फिंग करतात, रस्ते मोकळे असले की स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकली काढतात, चाकांचे बूट घालून गल्लीत हॉकी खेळतात, आणि संधी मिळाली की डोंगरावर जाऊन बर्फावरून फळीवर घसरत खाली येतात. ऑटो आणि रेजी यांना आई नाही. वडील रे रॉकेट, जे स्वतः एके काळचे नावाजलेले सर्फर आहेत, या दोघा मुलांना एकट्याने वाढवतात आणि टिटो मकानी या आपल्या हवाईयन मित्रासह समुद्रकाठी ‘शोअर शॅक’ नावाचे खाणावळवजा दुकान चालवतात. २००४ सालच्या जुलैअखेर ही मालिका संपली, तोवर तिचे चार हंगाम आणि सत्तरहून अधिक भाग झाले होते.

मालिकेचे जनक आर्लीन क्लास्की आणि गाबोर चुपो हे होत. चुपो मूळचे बुडापेस्टचे; १९७५ साली साम्यवादी अंमलाखालील हंगेरी सोडून ते बाहेर पडले, स्टॉकहोममध्ये त्यांची आणि क्लास्की यांची गाठ पडली, आणि पुढे १९८२ साली लॉस एंजेलिस येथे उभयतांनी आपल्या नावाची चित्रशाळा स्थापिली. ‘द सिम्पसन्स’ या विख्यात मालिकेचे आरंभीचे चित्रकाम याच चित्रशाळेत झाले, आणि १९९१ साली सुरू झालेल्या ‘रगरॅट्स’ने तिचे नाव घरोघरी पोहोचवले. ‘रगरॅट्स’मध्ये जग रांगत्या बालकांच्या नजरेतून, म्हणजे मोठ्यांच्या गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलेले आहे. ‘रॉकेट पॉवर’मधील मुले त्याहून मोठी आहेत, घराच्या उंबरठ्याबाहेर पडण्याची त्यांना मुभा आहे, परंतु गावाच्या वेशीबाहेर जाण्याची अद्याप नाही. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो वेळ आणि घरापासून समुद्रापर्यंतचा जो मुलूख, त्यांवर या वयाच्या मुलांचे खरे स्वामित्व असते. आणि साहित्याने या मुलखाकडे जेवढे लक्ष पुरवले, तेवढे दूरचित्रवाणीने क्वचितच पुरवले आहे.

ज्या खेळांवर ही मालिका उभी आहे त्यांचा इतिहास वाचकाने ध्यानी घेतला पाहिजे, कारण मालिकेतील बरेच बारकावे त्याच्याच प्रकाशात उमगतात. लाटेवर फळी घालून उभे राहण्याची विद्या मूळची हवाई बेटांची. तेथे ती राजेरजवाड्यांपासून सामान्य जनांपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. हवाईत जन्मलेल्या जॉर्ज फ्रीथ याने १९०७ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तिची प्रात्यक्षिके केली, आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या ड्यूक काहानामोकूने आपल्या कीर्तीच्या बळावर तिचा देशोदेशी प्रसार केला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास, समुद्र शांत असेल त्या दिवशी वेळ कसा घालवावा या विवंचनेतून कॅलिफोर्नियाच्या मुलांनी फळीला चाके जोडली आणि लाटेवरचा तोल डांबरी रस्त्यावर आणला. आरंभीची चाके धातूची किंवा मातीच्या मिश्रणाची असत. एखादा बारीक खडा आडवा आला तरी फळी जागीच थबके आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची मऊ, रस्ता धरून ठेवणारी चाके प्रचारात आणली, आणि त्या एका सुधारणेने या खेळाचा कायापालट केला. त्यानंतर १९७६–७७ मध्ये कॅलिफोर्नियात भीषण अवर्षण पडले, परसदारचे पोहण्याचे तलाव कोरडे ठेवावे लागले, आणि सँटा मोनिका व व्हेनिस या भागांतील मुलांनी त्या गोलाकार भिंतींवरून वर चढत जाण्याची नवी रीत रूढ केली. त्या मुलांतील काही ‘झेफर’ नावाच्या सर्फिंगच्या दुकानाशी निगडित होती. टोनी अल्वा, स्टेसी पेराल्टा, जे अ‍ॅडम्स ही त्यांतील प्रसिद्ध नावे, आणि त्यांच्या बरोबरीने पेगी ओकी ही मुलगीही त्या संघात होती.

१९८० च्या सुमारास या खेळावर मोठे संकट आले. मुले पडतात, जखमी होतात, आणि मग दावे गुदरले जातात. या भीतीने विम्याचे हप्ते इतके वाढले की अमेरिकेतील बहुतेक स्केटपार्क बंद पडले. खेळ परसात आणि रस्त्यावर आला, विखुरला, आणि एका गावच्या मुलाला दुसऱ्या गावी काय चालले आहे हे कळण्याचे साधन उरले नाही. अशा वेळी दोन गोष्टींनी त्याला जीव धरून ठेवण्यास मदत केली. एक म्हणजे नियतकालिके, ज्यांत १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेले ‘थ्रॅशर’ प्रमुख होय. आणि दुसरी म्हणजे घरोघरी पाहता येतील अशा चित्रफिती, ज्यांचा पायंडा १९८४ साली पेराल्टा याने आपल्या तरुण चमूवर काढलेल्या चित्रफितीने पाडला. म्हणजे करणारा जितका महत्त्वाचा, तितकाच त्याची नोंद करणारा आणि त्याचे चित्र टिपणारा महत्त्वाचा ठरला. स्पर्धांची मोठी बक्षिसे आणि दूरचित्रवाणीचे दिवे हे बहुतांशी नंतरचे. एक्स गेम्सचा आरंभच मुळी १९९५ चा आहे.

हा इतिहास एवढ्या विस्ताराने सांगितला तो यासाठी की, ‘रॉकेट पॉवर’मधील चार मुले ही या इतिहासाचीच चार अंगे आहेत. ऑटो हा कर्ता आहे. त्याच्या अंगी जन्मजात चापल्य आहे, आणि त्याबरोबर येणारा अहंकारही आहे. हरणे त्याला सोसत नाही, आपण मित्रांपेक्षा वरचढ आहोत हे तो त्यांना विसरू देत नाही, आणि मालिकेतील कितीतरी कथा त्याच्या या दोषामुळेच उभ्या राहतात. लेखकांनी त्याला निर्दोष नायक केले नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष होय. ज्याला सहज साधते त्याला न साधणाऱ्यांचे दुःख कळावयास वेळ लागतो, आणि ते कळण्याच्या क्षणी तो खऱ्या अर्थाने मोठा होतो, हे बालवाचकांना नीतिपाठात सांगून पटत नाही. ऑटोची फजिती पाहून मात्र ते आपोआप पटते.

रेजी ही या समाजाची बखरकार. ती स्वतः कसलेली खेळाडू आहे, कित्येकदा भावाहूनही सरस आहे. परंतु तिचे वैशिष्ट्य असे की ती ‘द झीन’ नावाचे स्वतःचे एक लहानसे नियतकालिक लिहिते, जुळवते आणि वाटते. घरच्या घरी मजकूर मांडून, प्रती काढून, टाचून हातोहात दिलेली अशी पत्रे त्या काळी अमेरिकेतील तरुण मंडळींत सर्रास निघत. स्केटबोर्डच्या जगात तर त्यांना फार मान होता, कारण मोठ्या वृत्तपत्रांच्या दप्तरी या खेळाची नोंद क्वचितच होई. अकरा-बारा वर्षांची मुलगी संपादक आहे, तिला अंकाची मुदत सांभाळावयाची आहे, काय छापावे आणि काय छापू नये याचा निवाडा करावयाचा आहे, आणि मित्रांविषयी लिहिताना सत्य आणि स्नेह यांचा तोल राखावयाचा आहे. ही कल्पना मला या मालिकेतील सर्वांत मोलाची वाटते. मुलींच्या वाट्याला बालमालिकांत बहुधा प्रेक्षकाची किंवा समजूत घालणारीची भूमिका येई, त्या काळात रेजीच्या एका हाती फळी आणि दुसऱ्या हाती लेखणी देण्यात आली.

ट्विस्टर हा साक्षी आहे. त्याच्या हाती चित्रफितीचा कॅमेरा असतो आणि मित्रांच्या झेपा व पडझडी टिपणे हे त्याने आपले कर्तव्य मानलेले आहे. बुद्धीने तो काहीसा मंद दाखविला आहे, घरी थोरला भाऊ लार्स त्याला छळतो, आणि चारचौघांत त्याचे हसे होते. परंतु कॅमेरा डोळ्यास लावला की त्याच्या ठायी एक निराळीच एकाग्रता येते. जी उडी कोणी पाहिली नाही ती मारलीच नाही, असा या मुलांच्या जगातील अलिखित कायदा आहे. आणि त्या कायद्याचा अंमल ट्विस्टरमुळे चालतो. शाळेच्या परीक्षेत मागे पडणारे मूल मित्रांच्या समाजात अपरिहार्य असू शकते, हे त्याच्या रूपाने मालिकेने दाखविले आहे.

चौथा सॅम. कॅन्सस हा अमेरिकेच्या मध्यभागी वसलेला, सर्व बाजूंनी भूवेष्टित असा प्रांत. तेथून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, संगणकात रमणाऱ्या या मुलाने समुद्रकाठच्या मुलांत सामील व्हावे, येथूनच कथेस प्रारंभ होतो. मित्र त्याला ‘स्क्विड’ म्हणून हाक मारतात, आणि आरंभी नवख्याची कुचेष्टा म्हणून चिकटलेले ते नाव पुढे जिव्हाळ्याचे होते. त्याला लाटांवर उभे राहता येत नाही, परंतु हॉकीचा गोल राखण्यात तो तरबेज आहे. म्हणजे समाजात त्याची जागा दयेने नव्हे, गुणाने ठरते. घरी बसून मालिका पाहणाऱ्या लक्षावधी मुलांपैकी फारच थोडी ऑटोसारखी असतात; बहुतेक सॅमसारखी असतात. नवागत धडपडतो, भितो, विचारतो, आणि त्याला समजावून सांगण्याच्या निमित्ताने प्रेक्षकालाही खेळ समजतो. शिष्याशिवाय विद्येला वंश नसतो, आणि सॅमवाचून या चौकडीला भविष्य नसते.

या मुलांच्या समाजात गुरू कोण, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. कारण आखाडा असो वा मल्लखांब, उस्तादाच्या नजरेखाली अंग घडवावयाचे, ही आपली जुनी परंपरा. येथे तसा उस्ताद नाही. रे मुलांना समुद्र ओळखावयास शिकवतो, मॅडटाऊन या स्केटपार्कचा चालक कॉनरॉय वेळोवेळी दोन शब्द सांगतो, टिटो आपल्या पूर्वजांच्या नावावर सुभाषिते ऐकवतो. परंतु रोजचा सराव मुलांचा मुलांनीच चालविलेला आहे. कोणती कसरत कोणी आधी करावयाची, कोणाचे पडणे हसण्यावारी न्यावयाचे आणि कोणाचे नाही, रुसलेल्यास परत कसे आणावयाचे, याचा कारभार त्यांचा तेच पाहतात. शिस्त नाही असे नव्हे. ती कठोर आहे, पण बाहेरून आलेली नाही. शेजारचे निवृत्त गृहस्थ मर्व्ह स्टिम्पलटन यांना मुलांचा गलबला सोसवत नाही, आणि त्यांच्या पत्नी व्हायोलेट यांना मुलांचे कौतुक असते. मोठ्यांचे जग या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असावयाचे, हे मुलांनी गृहीत धरलेले असते.

चित्रकलेच्या दृष्टीनेही ही मालिका पाहण्याजोगी आहे. स्केटबोर्डवरील पायाभूत झेप, जिला ‘ऑली’ म्हणतात, ती कशी होते ते पाहावे. मागचा पाय फळीच्या शेपटीवर जोराने आपटतो, शेपटी जमिनीस लागून फळीचे तोंड उसळते, त्याच क्षणी पुढचा पाय फळीच्या खरखरीत पृष्ठावरून पुढे घासत नेला जातो आणि त्यामुळे फळी हवेत सपाट होऊन पायांच्या तळव्यांना चिकटल्यासारखी वर येते. हात कशालाही लावावयाचा नाही. अ‍ॅलन गेल्फंड या फ्लोरिडातील मुलाने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उतरंडीवर ही युक्ती साधली, आणि रॉडनी मलन याने थोड्याच वर्षांत ती सपाट जमिनीवर उतरविली. प्रत्यक्ष डोळ्यांना हे सारे निमिषात घडून गेल्यासारखे दिसते. चित्रकाराला मात्र ते निमिष वाटून घ्यावे लागते. गुडघे किती वाकले, खांदे केव्हा वळले, भार कोणत्या क्षणी एका पायावरून दुसऱ्यावर गेला, हे चित्रागणिक ठरवावे लागते, आणि एखाद्या चित्रात भार चुकला की पाहणाऱ्या मुलाला, कारण सांगता आले नाही तरी, ती उडी खोटी वाटते. क्लास्की आणि चुपो यांच्या चित्रशाळेची वाकड्यातिकड्या चेहऱ्यांची, ओबडधोबड रेषांची शैली कित्येकांना रुचत नाही. परंतु या शैलीत शरीर गोंडस न होता अवजड राहते, आणि अवजड शरीर हवेत उचलले गेले तरच त्या उचलण्याला काही अर्थ असतो.

गुणांबरोबर उणिवांचाही उल्लेख केला पाहिजे. मुलांची बोली मालिकेच्या काळातील किनाऱ्यावरील तरुणांची म्हणून लिहिलेली आहे, आणि ती आज जुनाट भासते. टिटोच्या तोंडची प्राचीन हवाईयन सुभाषिते पटकथाकारांनी विनोदासाठी रचलेली आहेत. हवाईच्या लोकांनी ज्या विद्येचे दान जगाला दिले, तिच्या वारसाला याहून अधिक गांभीर्य लाभावयास हवे होते. मात्र टिटोला रे बुमाताई या हवाईतील कलाकाराचाच आवाज लाभला, आणि त्या आवाजातील ऊब लिखित शब्दांच्या उणिवेवर बरीच मात करते. शिवाय हे खेळ १९९० नंतर बाजाराच्या हाती गेले, आणि मालिकेचा जन्म त्या भरतीच्या वेळचा; तिच्या लखलखाटात त्या बाजाराचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पालकांचा आक्षेप निराळा असतो. असे खेळ पाहून मुले हातपाय मोडून घेतील, ही त्यांची धास्ती खोटी नाही, आणि तिला उत्तर देणे हे परिचयकर्त्याचे कर्तव्य आहे. हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांवरील पॅड यांवाचून उतरंडीवर पाऊल ठेवू नये, हा नियम निरपवाद होय. मालिकेतील मुलेही ही साधने लाजिरवाणी मानत नाहीत. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पडणे ही सुद्धा एक शिकण्याची विद्या आहे. जाणता स्केटबोर्डपटू तोल गेला हे ओळखताच फळी सोडून देतो, हात ताठ न टेकता अंग आखडून खांद्यावर लोळण घेतो, किंवा पॅड बांधलेल्या गुडघ्यांवर उतरंडीवरून घसरत खाली येतो. ज्या मुलाला पडण्याची मुभा कधी मिळालीच नाही, त्याला ही विद्या येणार कोठून? धोका शून्यावर आणण्याच्या हव्यासाने आपण मुलांची अंगणे, गल्ल्या आणि संध्याकाळी एकेक करून काढून घेतल्या आहेत. त्या बदल्यात त्यांना सुरक्षितता किती मिळाली हे सांगणे कठीण; भित्रेपणा मात्र निश्चित मिळाला.

मालिका संपल्यानंतरच्या काळाने तिच्या भूमिकेला बळकटी आणली. कोविडमुळे वर्षभर लांबलेल्या आणि २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग यांना प्रथमच स्थान मिळाले. महिलांच्या स्केटबोर्डिंगमधील स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदक आणि ब्राझीलच्या रायसा लियाल हिने रौप्यपदक मिळविले, तेव्हा दोघींचेही वय अवघे तेरा वर्षांचे होते. म्हणजे रेजी रॉकेटहून त्या फारशा मोठ्या नव्हत्या. पार्क प्रकाराच्या अंतिम फेरीत जपानची मिसुगु ओकामोटो अखेरच्या प्रयत्नात पडली आणि तिचे पदक हुकले, त्या वेळी तिच्या प्रतिस्पर्धी मुलींनी धावत जाऊन तिला खांद्यांवर उचलून घेतले. देशादेशांची पदकमोजणी चाललेल्या मैदानावर मुलांच्या समाजाने आपला जुना रिवाज मोडला नाही. आपल्याकडेही २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश झाला आणि महाराष्ट्राच्या मुलींनी त्यात पदके मिळविली. सबब हा विषय आता आपल्या वाचकांनाही परका राहिलेला नाही.

यास्तव माझी विनंती इतकीच की, ही मालिका पाहताना वाचकांनी झेपांवरच नजर खिळवू नये. झेप घेणाऱ्याच्या आसपास कोण उभे आहे, कोण लिहून घेते आहे, कोण कॅमेरा धरून आहे, आणि कोण आपली पाळी येण्याची भीतभीत वाट पाहते आहे, याकडेही लक्ष द्यावे. आणि पाहून झाल्यावर आपापल्या गावातील मुलांसाठी, जेथे ती एकमेकांच्या देखत पडू शकतील आणि एकमेकांच्या हाताने उठू शकतील अशी चार हात मोकळी जागा राखून ठेवण्याची तरतूद करावी. नगरपालिकेकडे तिची मागणी करावी, सोसायटीच्या सभेत तिच्यासाठी भांडावे. मुलांच्या धाडसाचे कौतुक करणे सोपे आहे. त्या धाडसाला जागा देणे हे आपले काम आहे.